महाशिवरात्रीचे दोन डबे

मी, खाली सही करणारी सुगंधाबाई बापूराव उंदीरवाडे, वय ७२ वर्षे, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मौजा मोहबोडी, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही की भुलवलेले नाही. तेहतीस वर्षे अंगणवाडी चालवलेल्या बाईला भुलवणे सोपे नसते.

सिंदेवाहीच्या वकिलांनी एका पानाचा नमुना दिला होता आणि सांगितले होते की बाई, यात फक्त नावे भरा. मी पाहिले तर नमुन्यात घर होते, शेत होते, दागिने होते, पण माझ्या मनावर जे ओझे आहे त्याला जागाच नव्हती. म्हणून कोरे कागद घेऊन बसले. सरळ सांगते. माझी धाकटी जाऊ मीराबाई हिच्यावर एकोणतीस वर्षांपूर्वी एक आळ आला. तो खोटा होता आणि तो घालणारी मी. घरदार वाटून द्यायला एक पान पुरले असते. बाकीची पाने तो आळ उतरवण्यासाठी आहेत.

कलम १. मोहबोडीचे माझे घर, पुढची सपरी आणि दोन खोल्या, माझा मुलगा प्रवीण याला द्यावे. तो चंद्रपूरला नोकरीला असतो आणि दर दिवाळीला म्हणतो, "आई, हे कौलं काढून स्लॅब टाकून देऊ." प्रवीण, मी असेपर्यंत टाकू नकोस, मग तुझी मर्जी. स्वयंपाकघर आणि मागची वाडी मात्र या कलमात नाहीत. ती पुढे येतील.

कलम २. बँकेत जे काही असेल ते माझी सून पुनम हिला. किती आहे ते इथे लिहीत नाही, उगाच तिला घाई सुटायची. (पुनम, गंमत करते आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला तूच उभी होतीस, ते मी विसरले नाही.)

कलम ३. लोखंडी कढई, पाटा-वरवंटा, विळी आणि झाकणाचे मोठे पातेले, म्हणजे आमचा गंज, हेही पुनमलाच. पण याला अट आहे. या घरात रताळे मायक्रोवेव्हमध्ये भाजायचे नाही. मागच्या वर्षी चंद्रपूरला तिने मला ते खाऊ घातले. पाच मिनिटांत झाले खरे, पण चव ओल्या पुठ्ठ्याची होती. मी काही बोलले नाही, सगळे संपवले. आता बोलते आहे.

पुनम, नीट वाच. वाडीतून काढल्याबरोबर रताळे शिजवू नये. आठ-दहा दिवस सावलीत पडू द्यावे, तेव्हा त्यात गोडी उतरते. ताजे रताळे नुसता पिठाचा गोळा असते. गोड करायचे असेल तर पाण्यात उकडू नकोस, गोडी पाण्यात जाते आणि आपण ते पाणी ओतून देतो. गंजात तळाला गवत किंवा पळसाची पाने घालून वाफेवर शिजव. मग जाड काप करून तुपावर दोन्ही अंगांनी लाल कर आणि वरून गुळाचा पाक. उन्हाळ्यात मूठभर मोहफुले भाजून, खलबत्त्यात कुटून त्या पाकात घातलीस तर प्रवीण ताट चाटेल. लहानपणी चाटायचा, त्याला विचार. कोवळ्या पानांची भाजी लाखोरीच्या डाळीत घालावी, लसूण हात राखून नको. आणि चुलीच्या राखेत पुरून भाजलेले रताळे असेल तर त्याला काहीच करू नये. मीठ-मिरची घेऊन दारात बसावे.

झिंग्याची भाजी मात्र कलम ५ वाचल्याशिवाय करू नये.

कलम ४. तालुक्याच्या महिला मेळाव्यात एकदा पाककृतीची स्पर्धा झाली होती. मी रताळे-झिंगे घेऊन गेले. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी चमचा तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि खाली ठेवला. म्हणाल्या, "रताळं तर उपवासाचं असतं ना? त्यात मासळी?" पहिले बक्षीस डब्यातल्या पावडरीच्या कस्टर्डला मिळाले. त्या बाईंचे नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. त्यांना मी काहीही देत नाही. उत्तेजनार्थ मिळालेली प्लॅस्टिकची गाळणी अजून आहे, ती कोणालाही द्यावी.

कलम ५. मागच्या वाडीतला रताळ्याचा वेल. हा देण्याआधी तो कुठून आला ते सांगणे भाग आहे.

माझे माहेर धानोऱ्याकडचे. नदीकाठच्या रेताड जमिनीत माझी आई रताळी लावायची. पोळ्याच्या सुमारास वेलाचे तुकडे खोचायची आणि माघात कुदळीने माती अलगद बाजूला करायची, निजलेल्या पोराच्या अंगावरचे पांघरूण काढावे तशी. आम्हा बहिणींना ओळीने बसवून पहिले रताळे तोडून वाटायची. त्या मातीचा वास अजूनही कधीकधी विनाकारण नाकात येतो आणि मी हातातले काम विसरते. बहात्तर साली लग्न झाले तेव्हा आईने ओल्या गोणपाटात हातभर वेल बांधून दिला. म्हणाली, "सोनं त नाई माझ्यापाशी. हे लाव."

सासरी आले आणि कळले की या घरात रताळ्याला बंदी आहे. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. आल्या दिवशी त्यांनी देव्हारा काढला, उपासतापास बंद केले आणि त्याबरोबर साबुदाणा, भगर आणि रताळे या तिन्हींना घराबाहेर काढले. "उपासाचं खानं आपल्या घरी शिजनार नाई," हा त्यांचा शब्द. माझा वेल बघून म्हणाले, "सूनबाई, हे गुराले टाक."

मी गुरांना टाकला नाही. वाडीत लावला, आणि माघात रताळी आली तेव्हा विचार केला की असे काय करावे म्हणजे कोणी याला उपवासाचे म्हणूच शकणार नाही. तलावातले सुके झिंगे घरात होतेच. ते कोरडे भाजले, तोंड-शेपटी काढली. तेलात लसूण, कांदा, लाल मिरची, त्यावर रताळ्याच्या फोडी, चिंचेचे पाणी, आणि शेवटी झिंगे. अर्ध्या गल्लीत वास गेला. मामाजींनी भातावर रस्सा घेतला, एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली. विचारले, "हे काय हाय?" मी पदर सावरून म्हटले, "रताळं हाय, मामाजी. पण आता कोन्या देवाले चालत नाई." मामाजी हसले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिले. पुन्हा भात मागितला. त्या दिवसापासून रताळे आमच्या घरात जेवण म्हणून आले, आणि दर रविवारी व्हायला लागले. प्रवीणचे बाबा सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात कामाला होते. त्यांच्या डब्यात सोमवारी तीच भाजी असायची आणि डबा सगळे मिळून फस्त करायचे. हे गेले त्यालाही आता सोळा वर्षे झाली. सोमवारी अजून हात चुकून दोन मुठी तांदूळ जास्त भिजवतो.

कलम ६. या कलमासाठी मी बसले आहे.

आमच्या कुंपणाला लागून रुखमाबाई गुरनुले यांची वाडी आहे. त्या माळी समाजाच्या, घरात सगळे सणवार, उपास. आमची दोघींची मैत्री कुंपणावरची. दर महाशिवरात्रीला मी त्यांना टोपलीभर रताळी द्यायची. कच्ची. कच्चे चालायचे, शिजवलेले नाही. असे कोणी बोलत नव्हते, पण दोघींनाही ठाऊक होते. मीही कधी शिजवून विचारले नाही आणि त्यांनीही मागितले नाही.

१९९६ च्या महाशिवरात्रीला त्यांच्या घरची सारी माणसे मार्कंड्याच्या जत्रेला गेली होती. रुखमाबाई घरी एकट्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. सकाळी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सुगंधाबाई, यंदा तूच शिजवून दे वो. गोड कर." मला काय आनंद झाला! चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या चुलीवरचे त्यांच्या ताटात जाणार होते. मी वळले, आणि मागून आवाज आला, "पन नव्या गंजात शिजवजो. तुमच्या नेहमीच्या भांड्यात नको."

मी तशीच घरात आले. कढईत गोड काप केले. दुसऱ्या चुलीवर आमच्या दुपारच्या जेवणाची रताळे-झिंग्याची भाजी झाली होती. दोन सारखे स्टीलचे डबे भरले. एकात गोड, एकात झिंग्याची. मीरा तेव्हा लग्न होऊन आठ महिन्यांची नवरी. माझ्या सर्वांत धाकट्या दिराची, इसरूची बायको. इसरूला मी अंगाखांद्यावर वाढवलेला, म्हणून मीराही मला मुलीसारखी. तिच्या हातात झिंग्यांचा डबा दिला आणि म्हटले, "हा रुखमाबाईचा. देऊन ये."

डबे बदललेले नव्हते. मी जाणूनबुजून दिला.

थोड्या वेळाने रुखमाबाईंचा आवाज आला. आमच्या चुलीवरचा झिंग्यांचा वास कुंपणापलीकडे आधीच भरलेला होता, म्हणून दोन घास खाल्ल्यावर त्यांना कळले होते. कुंपणाशी येऊन ओरडल्या, "माझा उपास मोडला वो! कोनं भरला हा डबा?" विहिरीवरच्या बाया पाणी सोडून जमल्या. मामाजी सपरीतून उठले. आणि माझ्या तोंडातून निघाले, "मीरानं डबे बदलले असतील."

खरे का सांगितले नाही? राग सांगितला असता तर त्या नव्या गंजाचेही सांगावे लागले असते. मला किती लागले होते ते चारचौघींत उघडे पडले असते, आणि ते मला नको होते. माझा मान राखायला मी आठ महिन्यांच्या पोरीचा मान दिला. मीरा तिथेच उभी होती. एक शब्द बोलली नाही.

विहिरीवर बायनाबाई होती, तिने त्याच दिवशी मीराचे नाव पाडले: डबेबदली. गावाने उचलले. लग्नाच्या पंगतीत कोणी म्हणायचे, "डबेबदलीच्या हाती वाढाले देऊ नका." लोक हसायचे, मीराही हसल्यासारखे करायची. इसरूची बदली आलापल्लीच्या लाकूड डेपोला झाली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी सामान बांधून तयार होती. तिकडून ती सणाला येते, माझ्या पाया पडते, सगळा स्वयंपाक करते. पण रताळ्याला तिने आजवर हात लावलेला नाही. मी एकदा विचारले तर म्हणाली, "माझ्या हातचं बिघडते, बाई."

तरी माझे स्वयंपाकघर, मागची वाडी आणि त्यातला वेल मी मीराबाई इसरू उंदीरवाडे हिला देते, आणि हे कलम माझ्या मृत्यूनंतर विहारात सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचावे.

येथवर लिहून झाले होते.

बुधवार, ५ मार्च रोजी मी साक्षीदारांना घरी बोलावले. एक निवृत्त पोस्टमन श्रीहरी लोनबले, दुसऱ्या रुखमाबाई. त्या डब्यानंतर त्यांच्याशी तेरा वर्षे अबोला होता. प्रवीणचे बाबा वारले तेव्हा त्या कुंपण ओलांडून आल्या, माझ्याच चुलीवर चहा ठेवला आणि मला पाजून स्वतःही प्याल्या. नव्या-जुन्या भांड्याची गोष्ट तिथेच संपली. मी आधी विचारले होते की वेलाचा अर्धा वाटा घेता की साक्षीदार होता, दोन्ही चालत नाही, वकील म्हणतात ज्याला मिळते त्याने साक्षीला बसू नये. त्या म्हणाल्या, "साक्षीदार होतो. वेल त कुंपनाखालून येतेच माझ्याकडे."

साक्षीदाराने आतले वाचलेच पाहिजे असा कायदा नाही. पण कलम ६ रुखमाबाईंना न ऐकवता त्यांची सही घेणे मला जमेना. म्हणून वाचले. वाचून झाल्यावर मान वर करवेना.

रुखमाबाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "नवा गंज मांगनारी मी. झिंगे देनारी तू. अन् नाव पडलं तिचं."

मी म्हटले, "म्हनून त लिहून ठेवलं नं, बाई."

"मेल्यावर वाचनार? तुले पाप फेडाचं हाय का लपून पळाचं हाय?" त्या उठून उभ्या राहिल्या. "मी सही करत नाई. पहिले तिले फोन लाव."

श्रीहरीभाऊ चष्मा पुसत बसले. शेवटी त्यांनीच नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि आवाज मोठा केला. मीराने उचलला. मी सगळे कागदावरचेच वाचले, तोंडी बोलायची हिंमत नव्हती. मला वाटले फोन कटला.

मग मीरा म्हणाली, "मले माहीत हाय, बाई."

"काय माहीत हाय?"

"कुंपनापाशी मी झाकन उघडून पाह्यलं होतं. झिंग्याचा वास लपते का?"

"मंग दिला काऊन?"

"तुमी हातात देऊन म्हटलं, हा रुखमाबाईचा. मोठ्या जावेनं देल्ला डबा वापस कसा आनू? मले वाटलं, तुमी आज नाई त उद्या सांगान. मी वाट पाहून राह्यली होती."

एकोणतीस वर्षे! मी रडले, हे लिहायला मला लाज नाही. स्वयंपाकघर तुझ्या नावे केले आहे, वाडी केली आहे, असे काहीबाही बोलत सुटले. तिने मला थांबवले.

"मले सयपाकघर नको, बाई. प्रवीणले राहू द्या. माझं नाव जिथी खराब झालं तिथी जाऊन सांगा. तुमी जित्या असताना."

म्हणून कलम ६ मधील शेवटचा परिच्छेद मी रद्द करते. स्वयंपाकघर व वाडी प्रवीणला जाईल. वेलाचे तुकडे मीरा गावी आली की तिला हयातीतच देईन.

कलम ७. आज रविवार, ९ मार्च. मीरा सकाळच्या बसने आलापल्लीहून आली. मी तिला बरोबर घेऊन विहारात गेले. वंदना झाल्यावर सगळ्या बाया जेवणाच्या तयारीला लागायच्या आत उभी राहिले आणि जे कलम ६ मध्ये आहे ते कागदाशिवाय सांगितले. नव्या गंजाचेही सांगितले. रुखमाबाई दाराशी येऊन बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली. बायनाबाई आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाला कमी ऐकू येते, पण हे ऐकू आले. ती म्हणाली, "मंग एवढे वर्स आमी भलतीलेच म्हनलं का वो? आता कोनाले म्हनाचं?"

मी म्हटले, "मले म्हना."

मीराने मागून माझा दंड धरला. म्हणाली, "बसा आता, बाई. पाय दुखतील."

तिच्याएवढे मोठे मन माझ्याकडे कधी नव्हते, हे मी इथे लिहून ठेवते, आणि प्रवीण-पुनम, तुम्हीही लक्षात ठेवा.

वरच्या कलमांत मी माझे सगळे दुसऱ्यांना देत आले. या कलमाने एक गोष्ट परत घेते. मोहबोडी गावात मीराबाईच्या नावावर चुकीने चढलेले 'डबेबदली' हे नाव आजपासून माझे. माझ्यामागे त्यावर कोणाचाही हक्क राहणार नाही. ते माझ्याबरोबर जाईल.

हे सारे मी समजून-उमजून, साक्षीदारांसमोर लिहिले आणि त्यांच्यादेखत सही केली. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

स्थळ: मौजा मोहबोडी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर
दिनांक: ९ मार्च २०२५

साक्षीदार:
१) श्रीहरी लोनबले, निवृत्त पोस्टमन (सही)
२) रुखमाबाई भैयाजी गुरनुले (सही. आज न सांगता केली.)

लिहून देणार:
सुगंधाबाई बापूराव उंदीरवाडे
ऊर्फ डबेबदली
(सही)